प्राण्यांच्या ऊती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नववीला विज्ञान शिकवताना ‘ऊती’ आल्या की वर्गात दोन गट पडतात. एक गट तक्ता पाठ करून मोकळा होतो. दुसरा गट प्रश्न विचारतो, आणि त्या प्रश्नांची उत्तरं तक्त्यात सापडत नाहीत. खालचे प्रश्न बहुतेक या दुसऱ्या गटाचे, काही पालकांचे आणि एक-दोन शेजाऱ्यांचे आहेत.

ऊती म्हणजे ‘समान पेशींचा समूह’, एवढं पुरे का?

मार्कांपुरतं पुरे, समजण्यापुरतं नाही. रक्तच घ्या. त्यात तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि रक्तपट्टिका असतात आणि त्या एकमेकींसारख्या अजिबात दिसत नाहीत. तरी रक्त ही ऊतीच आहे. म्हणून व्याख्येत दोन गोष्टी जोडायच्या: एका मुळातून आलेल्या, ठरावीक काम मिळून करणाऱ्या पेशी, आणि त्या पेशींच्या मधे जे काही भरलेलं असतं तेसुद्धा. हा ‘मधला माल’ विसरला की हाड कळत नाही, रक्त कळत नाही, कूर्चा तर नाहीच नाही.

‘ऊती’ या संस्कृत शब्दात विणण्याचा अर्थ आहे. फ्रेंचमध्येही याच अर्थाचा शब्द वापरतात, आणि शरीराच्या बाबतीत तो रुळवला झाव्हिए बिशा या फ्रेंच डॉक्टरने. त्याने माणसाच्या शरीरात २१ प्रकारच्या ऊती वेगळ्या केल्या, आणि त्याही सूक्ष्मदर्शक न वापरता! सूक्ष्मदर्शकावर त्याचा भरवसाच नव्हता. तो अवयवांचे तुकडे उकळायचा, वाळवायचा, कुजवायचा, आम्लात टाकायचा आणि कोणता पदर कसा टिकतो ते बघायचा. १८०२ साली वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षी तो गेला. त्याच्या २१ ऊतींच्या पुढे ४ झाल्या, पण त्याची नजर मला आजही पटते: ऊतीला नाव देण्याआधी ती काय सोसते ते बघा.

हिंदी पुस्तकात ‘ऊतक’ आणि ‘पेशी’ वेगळ्याच अर्थाने का येतात?

स्पर्धा परीक्षेची हिंदी पुस्तकं वाचणाऱ्यांची ही कायमची ठेच. मराठीत पेशी म्हणजे शरीराचा सर्वांत लहान जिवंत घटक. हिंदीत त्याला कोशिका म्हणतात आणि ‘पेशी’ हा शब्द स्नायूसाठी वापरतात. आपण ज्याला स्नायू म्हणतो तो शब्द हिंदीत बऱ्याचदा मज्जातंतू किंवा अस्थिबंध (हाडाला हाडाशी बांधणारी दोरी) या अर्थाने येतो.

आपल्या घरातही गोंधळ कमी नाही. जुन्या मराठीत मज्जासंस्था, मज्जारज्जू म्हणजे मेंदू आणि पाठीच्या कण्यातली दोरी, तर अस्थिमज्जा म्हणजे हाडातल्या पोकळीतला मऊ गर. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. नव्या पाठ्यपुस्तकांनी चेतासंस्था, मेरुरज्जू हे शब्द घेतले ते बरंच झालं. आणि बोलण्यात तर ‘शीर’ हा एकच शब्द रक्तवाहिनीला, चेतातंतूला आणि स्नायूच्या दोरीलाही चालतो. मानेची शीर आखडली, हाताची शीर फुगली, पायाची शीर दबली: तिन्ही वेगवेगळ्या ऊती.

मुख्य प्रकार किती, आणि ओळखायचे कसे?

चार: अभिस्तर, संयोजी, स्नायू आणि चेता. पेशी एकमेकींना खेटून बसल्या आहेत आणि मधे जवळजवळ जागाच नाही, तर अभिस्तर. पेशी विखुरलेल्या आणि मधे भरपूर माल, तर संयोजी. पेशी लांबट आणि आकुंचन पावणाऱ्या, तर स्नायू. पेशींना फांद्या फुटलेल्या आणि त्यांतून संदेश पळतो आहे, तर चेता.

कोणताही अवयव मात्र एका ऊतीचा नसतो. जठर घ्या. आतून अभिस्तर आम्ल आणि श्लेष्म, म्हणजे बुळबुळीत चिकट स्राव, सोडतो, त्याखाली रक्तवाहिन्या घेऊन संयोजी ऊती, मग अन्न घुसळणारे स्नायूंचे थर, आणि या सगळ्यात चेतातंतूंचं जाळं.

अभिस्तराचे इतके उपप्रकार कशासाठी? पाठ करताना जीव जातो.

पाठ करू नका. जागा बघा आणि तिथे काय घडतं ते विचारा, आकार आपोआप आठवतो.

फुप्फुसातल्या वायुकोशाला ऑक्सिजन आत आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर जाऊ द्यायचा आहे. मग भिंत पातळच हवी. तिथे चपट्या पेशींचा एकच थर असतो. हवा आणि रक्त यांच्यामधलं अंतर एक मायक्रॉनच्याही आत असतं, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. हाच पातळ थर अन्ननलिकेत लावला असता तर भाकरीच्या पहिल्याच घासाला सोलून निघाला असता. म्हणून तिथे चपट्याच पेशी, पण थरावर थर: वरचे झिजावेत, खालून नवे यावेत.

लहान आतड्यात शोषून घ्यायचं काम मोठं, म्हणून उंच, खांबासारख्या पेशी आणि त्यांच्या टोकाला ब्रशसारखे सूक्ष्म उंचवटे. श्वासनलिकेत खांबासारख्या पेशींना हलणारे, बारीक केसांसारखे रोमक असतात. श्लेष्मात अडकलेली धूळ ते वर घशाकडे ढकलत राहतात. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये हे रोमक आधी मंदावतात, मग नष्ट होतात आणि त्या जागी चपट्या पेशींचे थर येऊ लागतात. धूर सोसायला थर जाड झाला, पण केरसुणी गेली. मग साठलेला कफ खोकूनच काढावा लागतो.

मूत्राशय रिकामा असतो तेव्हा त्याच्या अस्तरातल्या वरच्या पेशी फुगीर दिसतात आणि तो भरला की त्याच पेशी ताणून चपट्या होतात. लाळ, घाम, दूध, पाचकरस देणाऱ्या ग्रंथीसुद्धा मुळात अभिस्तराच्याच.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटते. अभिस्तरात रक्तवाहिन्या नसतात. त्याच्या तळाशी एक तंतुमय पटल असतं आणि त्याखालच्या संयोजी ऊतीतून अन्न-ऑक्सिजन वर झिरपतं. कागदाने बोट अगदी वरवर कापलं तर झोंबतं पण रक्त येत नाही, ते यामुळेच.

त्वचा सतत झडते, मग आजीच्या कपाळावरचं गोंदण सत्तर वर्षं कसं टिकलं?

मला आजवर विचारलेल्या प्रश्नांतला हा सर्वांत आवडता, आणि तो एका सातवीतल्या मुलीने विचारला होता.

त्वचेचा वरचा पदर अभिस्तराचा. तो साधारण महिन्याभरात तळापासून वरपर्यंत बदलतो. काजळी त्या पदरात राहिली असती तर गोंदण पुढच्या अमावास्येपर्यंत पुसलं गेलं असतं. पण गोंदणारीण सुई खालच्या पदरापर्यंत नेते. तो पदर, म्हणजे अंतस्त्वचा, संयोजी ऊतीचा आहे. तिथल्या भक्षक पेशी काजळीचे कण गिळतात. कण त्यांना पचत नाहीत आणि सोडताही येत नाहीत. पेशी मेली की तिचे कण शेजारची नवी पेशी गिळते. म्हणजे नक्षी जागेवरच राहते, राखणदार बदलत राहतात.

हाताला पडणारे घट्टे ही याच्या उलट गोष्ट. कुदळ-फावडं रोज घासलं की वरचा अभिस्तर स्वतःच जाड होतो. काम सुटलं की काही आठवड्यांत घट्टा झडूनही जातो.

रक्त पातळ असतं. ते ‘संयोजी’ कसं? ते काय जोडतं?

संयोजी या नावाने फसगत होते खरी. इथे जोडणं म्हणजे खिळ्यासारखं जोडणं नव्हे. भ्रूणाच्या मधल्या थरातून आलेल्या पेशी आणि त्यांच्यामधे भरपूर आधारक, म्हणजे तोच ‘मधला माल’, ही संयोजी ऊतीची ओळख. रक्ताचा आधारक द्रव आहे, त्याला रक्तद्रव म्हणतात आणि रक्ताचा साधारण ५५ टक्के भाग तोच असतो. बाकीच्या संयोजी ऊतींत तंतू कायम दिसतात. रक्तात ते लपलेले असतात: रक्तद्रवातलं विरघळलेलं फायब्रिनोजेन जखम झाली की फायब्रिनचे धागे बनतं आणि गुठळी विणली जाते.

एका घन मिलिमीटर रक्तात तांबड्या पेशी साधारण ५० लाख. प्रत्येकीचं आयुष्य सुमारे १२० दिवस. सस्तन प्राण्यांत त्या तयार होतानाच केंद्रक टाकून देतात. कोंबडीच्या तांबड्या पेशीत मात्र केंद्रक असतं.

पायाचं सूप फ्रिजमध्ये घट्ट का होतं?

कोलॅजेनमुळे. शेळी-मेंढीच्या पायांत मांस नावापुरतं. तिथे असतात हाडं, कातडं, स्नायुरज्जू आणि अस्थिबंध, म्हणजे सगळा संयोजी ऊतीचा कारभार. त्यांच्या आधारकात कोलॅजेनचे तीन पदरी पिळाचे तंतू असतात. तासन्‌तास मंद आचेवर उकळलं की हा पीळ सुटतो आणि जिलेटिन तयार होऊन पाण्यात उतरतं. थंड झालं की तेच जिलेटिन पाणी धरून गोठतं. सूप पिताना ओठ चिकटतात तेही त्यामुळेच. ‘पाया प्यायला की मोडलेलं हाड लवकर जुळतं’ या समजुतीत थोडी घाई आहे. प्यालेलं जिलेटिन आतड्यात आधी तुटतं, ते जसंच्या तसं हाडात जाऊन बसत नाही. सूप चवीसाठी प्यावं.

कोलॅजेन नीट वळायला क जीवनसत्त्व लागतं. शेळी ते स्वतःच्या यकृतात बनवते, माणसाला ती सोय नाही. पूर्वी महिनोन्‌महिने समुद्रावर असलेल्या खलाशांच्या हिरड्यांतून रक्त यायचं, जुन्या जखमा उकलायच्या. तो स्कर्व्ही म्हणजे एका अर्थी संयोजी ऊतीची शिवण उसवण्याचा रोग. १७४७ मध्ये जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरने काही आजारी खलाशांना संत्री-लिंबं देऊन फरक दाखवला. आवळा खाणाऱ्या देशात हे वेगळं सांगायला नको.

हाड जिवंत असतं का?

हो, आणि चांगलंच. हाडाच्या वजनाचा साधारण दोन तृतीयांश भाग खनिज, मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेट. उरलेला बहुतेक कोलॅजेन. त्यात बारीक कप्प्यांमध्ये अस्थिपेशी बसलेल्या असतात आणि रक्तवाहिन्या त्यांच्याजवळून नळ्यांतून धावतात. या नळ्यांना क्लॉप्टन हॅव्हर्सचं नाव आहे, त्याने त्यांचं वर्णन १६९१ मध्ये केलं. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा साधारण १० टक्के भाग दर वर्षी खरवडून नव्याने बांधला जातो.

एक प्रयोग जरूर करा. कोंबडीचं बारीक हाड साफ करून चार-पाच दिवस व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा, व्हिनेगर एकदा बदला. आम्लाने खनिज निघून जातं आणि उरलेलं हाड रबरासारखं वाकतं. याउलट चुलीत जळालेलं हाड हातात चुरतं, कारण तिथे कोलॅजेन गेलेलं असतं. कडकपणा खनिजाचा, चिवटपणा कोलॅजेनचा.

‘गुडघ्यातलं वंगण संपलं’ म्हणतात, ती कोणती ऊती?

बहुतेक वेळा झिजलेली असते कूर्चा, म्हणजे कास्थी. हाडांच्या टोकांवर ती गुळगुळीत, निळसर पांढऱ्या टोपीसारखी असते. वंगण म्हणजे सांध्यातला द्रव. तो सांध्याच्या आतल्या अस्तरातून येतो. गंमत म्हणजे हे अस्तर दिसायला अभिस्तरासारखं, पण आहे संयोजी ऊतीचं. तेव्हा वंगण ‘संपत’ नाही, धावपट्टीच उखडते.

कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे ती भरून यायला फार कष्ट पडतात. हाड काही आठवड्यांत जुळतं, कूर्चा वर्षानुवर्षं तशीच राहते. मणक्याची ‘गादी सरकली’ म्हणतात, तिथेही कूर्चाच, पण तंतूंनी भरलेली. कानाची पाळी सोडून वरचा भाग दुमडून सोडा, झटकन सरळ होतो: ती लवचीक कूर्चा. आणि बाजारात मोरी किंवा मुशी दिसली तर लक्षात ठेवा, त्या माशाचा अख्खा सांगाडा कूर्चेचाच असतो.

स्नायुरज्जू आणि अस्थिबंध यांत कायम गोंधळ होतो.

स्नायुरज्जू स्नायूला हाडाशी बांधतो, अस्थिबंध हाडाला हाडाशी. टाचेच्या वर बोटांनी चिमटीत येते ती जाड दोरी स्नायुरज्जू. पाय मुरगळतो तेव्हा घोट्याचा ताणला जातो तो अस्थिबंध.

चरबी ही ऊती? ती तर नुसती साठवण ना?

साठवणही ऊतीच करते. चरबीच्या पेशीत तेलाचा एक मोठा थेंब असतो आणि केंद्रक बिचारं कडेला दाबलेलं. ऊब धरणं, मूत्रपिंडाभोवती गादी होणं, भूक-तृप्तीचे संदेश सोडणं ही कामंही तिचीच. उंटाच्या मदारीत पाणी नसतं, चरबी असते, हे सांगून झालं तरी पुढच्या वर्षी पुन्हा सांगावं लागतं.

स्नायूंचे तीन प्रकार लक्षात कसे ठेवायचे?

‘कोणाच्या हुकमाने चालतो’ असं विचारा. हाता-पायाचे, जिभेचे, चेहऱ्याचे स्नायू तुमच्या हुकमाने चालतात. त्यांच्या पेशी लांबच लांब, एकेका पेशीत अनेक केंद्रकं आणि आडवे पट्टे, म्हणून नाव पट्टकी. आतडं, रक्तवाहिन्या, गर्भाशय यांचे स्नायू तुम्हाला विचारत नाहीत. त्या पेशी चातीसारख्या, दोन्हीकडे निमुळत्या, एक केंद्रक, पट्टे नाहीत. थंडीत अंगावर काटा येतो तो केसांच्या मुळाशी असलेल्या याच स्नायूंमुळे. तुम्ही ठरवून काटा आणून दाखवा!

हृदयाचे स्नायू दोन्हींच्या मधले: पट्टे आहेत पण हुकूम चालत नाही. पेशींना फांद्या असतात आणि त्या टोकाला टोक जोडून अशा बसतात की एकीतली विद्युत लहर लगेच दुसरीत जाते. म्हणून आधी वरचे दोन्ही कप्पे एकदम दाबले जातात, मग खालचे दोन्ही. मिनिटाला ७२ ठोके धरले तर दिवसाला १ लाखाच्या वर होतात.

कोंबडीची छाती पांढरी आणि तंगडी गडद का?

दोन्ही पट्टकी स्नायूच. कोंबडी दिवसभर चालते, उकरते, म्हणून तंगडीत न थकणारे तंतू जास्त. त्यांत ऑक्सिजन साठवणारं तांबूस मायोग्लोबिन भरपूर असतं. छातीचे स्नायू पंखांचे. कोंबडी उडते ती कुंपणापुरती, एका झटक्यात, म्हणून तिथे चटकन काम करून चटकन दमणारे फिके तंतू. दूरवर उडणाऱ्या बदकाची छाती गडद असते.

व्यायामाने स्नायूंच्या पेशी वाढतात ना?

संख्या फारशी नाही, जाडी वाढते.

पायाची करंगळी पलंगाला आपटली की कळ दोनदा का येते?

आधी टोकदार, मग क्षणभराने खोल, ठणकणारी. कारण वेदनेच्या दोन वेगळ्या तारा आहेत. एका प्रकारच्या चेतातंतूंवर मेदाचं वेष्टन असतं, त्यांतून संदेश सेकंदाला साधारण ५ ते ३० मीटर वेगाने जातो. दुसरे बारीक आणि उघडे, त्यांचा वेग सेकंदाला अर्धा ते दोन मीटर. पायापासून पाठीच्या कण्यापर्यंत सुमारे मीटरभर अंतर, तेव्हा दुसरी कळ रेंगाळत येते. स्नायूंना जोडलेल्या जाड, वेष्टनवाल्या तंतूंत तर हा वेग सेकंदाला १२० मीटरपर्यंत जातो.

चेतापेशीची पेशीकाया डोळ्याला दिसणार नाही इतकी लहान, पण तिचा अक्षतंतू, म्हणजे संदेश पुढे नेणारा धागा, मीटरभर लांब असू शकतो. माणसाच्या मेंदूत अशा सुमारे ८६०० कोटी पेशी आहेत. त्यांना सांभाळणाऱ्या, वेष्टन देणाऱ्या आधारपेशीही चेता ऊतीचाच भाग, पण आकृती काढताना त्या कोणी काढत नाही.

आयुर्वेदातले सप्तधातू म्हणजेच ऊती का?

रक्त, मांस, मेद, अस्थी ही नावं इतकी जवळची वाटतात की मोह होतो. पण रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा, शुक्र ही मांडणी एका धातूपासून पुढचा धातू पोसला जातो या विचारावर उभी आहे. ऊतींची मांडणी पेशींची रचना आणि भ्रूणातलं मूळ बघते. अभिस्तराला तर धातूंमध्ये जागाच नाही. दोन वेगळे नकाशे आहेत. उत्तरपत्रिकेत एकावर दुसरा ठेवू नका.

बायोप्सीत ऊतीचं नेमकं काय करतात?

तपासणीसाठी शरीरातून काढलेला ऊतीचा तुकडा कुजू नये म्हणून फॉर्मलिनमध्ये ठेवतात, त्यातलं पाणी काढून मेणात बसवतात आणि ४-५ मायक्रॉन जाडीचे काप घेतात. केसाची जाडी याच्या दसपट तरी असते. मग रंग: हिमॅटॉक्सिलिनने केंद्रकं निळी-जांभळी, इओसिनने बाकीचं गुलाबी. हिमॅटॉक्सिलिन मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडातून मिळतं, म्हणजे आजही निदानाला झाडाचा रंग लागतो.

अहवालात ‘कार्सिनोमा’ असेल तर कर्करोगाची गाठ अभिस्तरातली, ‘सार्कोमा’ असेल तर हाड, स्नायू, चरबी यांसारख्या ऊतीतली. तंबाखू-मिश्रीने तोंडात होणारा कर्करोग बहुतेक वेळा चपट्या पेशींच्या अभिस्तरातलाच असतो. सतत घासली आणि सतत विभागली जाणारी जागा ती.

सगळ्या प्राण्यांत चारही ऊती असतात का?

नाही. स्पंजांत खऱ्या ऊतीच नसतात, पेशी बऱ्याचशा सुट्या कारभाराने राहतात. जलव्याल, म्हणजे हायड्रा, दोन थरांचा. त्याला चेतापेशींचं जाळं आहे, पण मेंदू नाही आणि रक्तही नाही.

घरी ऊती बघता येतील का?

सूक्ष्मदर्शक मिळाला तर गालाच्या आतून काडीने हलकेच खरवडा, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरा, मेथिलीन ब्लूचा एक थेंब टाका. फरशीच्या तुकड्यांसारख्या चपट्या पेशी आणि मधे निळा ठिपका दिसेल.

सूक्ष्मदर्शक नसेल आणि घरात मांसाहार चालत असेल, तर कोंबडीची तंगडी पंजासकट आणा. कातडी ओढा, खाली पिवळट चरबी आणि स्नायूवर पारदर्शक पापुद्रा दिसेल. घोट्याजवळ पांढऱ्या, चकचकीत दोऱ्या सापडतील. मागच्या बाजूची एक चिमट्यात धरून ओढा, पंजाची बोटं मिटतात. वर्गात हे केलं तेव्हा शेवटच्या बाकावरची मुलंसुद्धा पुढे आली होती. सांधा उघडून हाडाच्या टोकावरची कूर्चा नखाने दाबून बघा. शेवटी मांडीचे स्नायू बोटांनी अलग करा. त्यांच्यामधून एक फिका, मऊ दोरा जातो. स्नायुरज्जूसारखा तो चमकत नाही. ती चेता. ती शोधायला माझ्या मुलांना दहा मिनिटं लागली.

नंतर हात, सुरी आणि पाट साबणाने धुवा, आणि तंगडी फोडणीला टाका.